सात-आठ जणांची व्हॅन: व्हेरियंट निवडताना आधी काय बघायचं

व्हेरियंटचा तक्ता हातात आला की नजर आधी स्क्रीनच्या इंचांवर आणि सनरूफवर जाते. त्या ओळी सगळ्यात शेवटी वाचा. रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम, मॅट, बरेचदा स्क्रीनसुद्धा नंतर बसवता येते. सीटची रचना, सरकत्या दरवाजाची मोटर, मागचा एसी आणि एअरबॅग मात्र कारखान्यातूनच यावे लागतात. तेव्हा आधी यांच्यावर खुणा करा आणि यांतलं हवं ते सगळं देणारा सर्वांत खालचा व्हेरियंट शोधा.

खरा निर्णय मधल्या ओळीचा आहे: दोन कॅप्टन सीट (मध्ये फट असलेल्या दोन सुट्या खुर्च्या) की तिघांचा सलग बाक? घरात लहान मूल असेल तर उत्तर चाइल्ड सीटवर ठरतं. मागे तोंड असलेली चाइल्ड सीट आयसोफिक्सवर, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या चाइल्ड सीटसाठीच्या हुकांवर, अडकवली की ती मधली सीट बहुतेक गाड्यांत पुढे झुकवता येत नाही. बाकाच्या गाडीत त्या बाजूने तिसऱ्या ओळीत जायची वाटच बंद होते. कॅप्टन सीट असतील तर मधल्या फटीतून आत शिरता येतं. बाकच हवा असेल तर कोणती बाजू झुकते ते बघून चाइल्ड सीट दुसऱ्या बाजूला लावा. शेजारी-शेजारी तीन चाइल्ड सीट बसवायच्या असतील तर कागदावरच्या ‘8 सीटर’वर जाऊ नका, स्वतःच्या सीट शोरूममध्ये नेऊन लावून बघा. मधल्या जागेला आयसोफिक्सचे हुक बरेचदा नसतात. तिसऱ्या ओळीत हुक आणि टॉप टेदर (चाइल्ड सीटचा वरचा पट्टा अडकवायची कडी) आहेत का, हेही हात घालून तपासा.

टॉप व्हेरियंटमधल्या पाय टेकायच्या लांबलचक लाउंज सीट दिसायला झकास, पण त्या पूर्ण पसरल्या की तिसऱ्या ओळीत गुडघ्यांना जागा उरत नाही. शिवाय अशा सीट सहसा काढता येत नाहीत. महाग व्हेरियंट म्हणजे सगळंच जास्त, असंही नाही. क्रायस्लर पॅसिफिकाच्या प्लग-इन हायब्रिडमध्ये (बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेल्या गाडीत) बॅटरी मधल्या सीटखालच्या खड्ड्यात बसवली आहे. त्यामुळे पेट्रोल गाडीत जमिनीत दुमडणाऱ्या मधल्या सीट हायब्रिडमध्ये तशा दुमडत नाहीत. 2021 पासूनच्या टोयोटा सिएनात मधल्या सीटमध्येच एअरबॅग आहेत, म्हणून त्या घरी सहज काढता येत नाहीत. सायकल किंवा कपाट न्यायचं असेल तर हे आधी माहीत हवं.

तिसरी ओळ जमिनीत दुमडते की बाजूला उचलली जाते, तेही बघा. जमिनीत जाणारी चांगली: ती वापरात असताना तोच खड्डा डिकीत सामानाला मिळतो. बाजूला टांगलेल्या सीट दोन्हीकडची रुंदी खातात.

आता वजनाचं गणित, जे सहसा कोणी करत नाही. गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन म्हणजे तुम्हाला मिळणारा भार. समजा तो 600 किलो आहे. सरासरी 70 किलोची सात माणसं म्हणजे 490. सामानाला उरले 110. छतावरची पेटी, तिचा स्टँड, ट्रेलरचा हुक, सगळं यातच. काही देशांच्या आकड्यांत चालकाचे 75 किलो रिकाम्या वजनात आधीच धरलेले असतात, तेवढं विचारून घ्या. पॅनोरमिक काच आणि सीटच्या मोटरी यांमुळे टॉप व्हेरियंट जड होतो; कमाल वजन तेच राहिलं तर भार घटतो. सनरूफमुळे छतही थोडं खाली येतं, तेव्हा घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून बघा.

मागच्या एसीबद्दल एकच प्रश्न: मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल आहे, की नुसता पंखा पुढचीच हवा ओढतो? व्हेंट दोन्हींत दिसतात, पण उन्हात उभ्या गाडीची तिसरी ओळ लवकर थंड होते ती पहिल्या प्रकारात. खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी कर्टन एअरबॅग तिसऱ्या ओळीपर्यंत पोचते का, हेही तिथेच बसून विचारा. शेवटच्या खांबावर तशी खूण असते.

मोठी चाकं शक्यतो टाळा. टायरची कडा बुटकी झाली की खड्ड्याचा दणका मागच्या चाकाजवळ बसलेल्यांना आधी बसतो. स्टेपनी प्रत्येक व्हेरियंटला वेगळी तपासा, कारण हायब्रिड किंवा ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये तिच्या जागी नुसता पंक्चर किट असू शकतो. टायरची कडा फाटली तर किटचा काही उपयोग नाही.

मोटरचे सरकते दरवाजे हे चैन म्हणून सोडून देऊ नका. कडेवर मूल असताना त्यांचीच किंमत कळते. टेस्ट ड्राइव्हला दरवाजाच्या वाटेत टॉवेलची गुंडाळी धरा: दरवाजा तिला टेकताच उलटा फिरला पाहिजे. गाडी उतारावर लावून हीच चाचणी पुन्हा करा, आणि मोटर बंद करून दरवाजा हाताने किती जड जातो तेही बघा. पुढे दरवाजा अर्ध्यात थांबून परत उघडू लागला तर मोटरला दोष देण्याआधी खालचा रूळ तपासा. बिस्किटांचा चुरा आणि वाळू तिथेच साचते. ब्रशने झाडून व्हॅक्यूम फिरवा. घट्ट ग्रीस थापू नका, त्यावर वाळू आणखी चिकटते.

राहिली ‘मोफत’ सीट कव्हरं. सीटच्या कुशीत एअरबॅगचं लेबल असेल तर त्या बाजूची शिवण एअरबॅगसाठी फाटेल अशी खास बनवलेली कव्हरंच घ्या, नाहीतर ती तिथेच परत करा.