जुन्या शाळेचं वर्ष: जूनच्या आधी काय काय तयार ठेवावं

उपक्रमप्रमुख म्हणून तुमचं नाव जाहीर होतं ते साधारण एप्रिलमध्ये, पेपर तपासायच्या धांदलीत. जून लांब आहे असं त्या वेळी सगळ्यांनाच वाटतं. पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या शंभरी ओलांडलेल्या शाळेत असाल तर असं समजू नका. मे महिन्यातच एक दुपार काढा आणि टेबलावर तीन गोष्टी घेऊन बसा: कालनिर्णय, शिक्षण खात्याची सुट्ट्यांची यादी आणि मागच्या वर्षीचं सूचना रजिस्टर. आधी परीक्षा टाकून घ्या. घटक चाचण्या, सहामाही, शिष्यवृत्ती, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट, राष्ट्रभाषा सभेच्या हिंदीच्या, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या संस्कृतच्या, दहावीची पूर्वपरीक्षा. उरलेल्या जागेत उपक्रम बसवायचे. उलटं केलंत तर नोव्हेंबरात गणिताच्या बाई तुमच्याशी बोलायच्या बंद होतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

मग पालखी. ज्येष्ठ वद्य नवमीच्या सुमारास दोन्ही पालख्या पुण्यात येतात, भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्काम करतात, आणि तेवढे दिवस मध्यवस्तीतली वाहतूक आपल्या हातात नसते. तिथी दरवर्षी सरकते, म्हणून मागच्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं उतरवू नका. शाळेची दिंडी काढायची असेल तर ती पालखीच्या आदल्या आठवड्यात आणि शाळेच्या गल्लीपुरती काढा. पाचवीतली मुलं रखुमाई होऊन नऊवारीत किती वेळ चालू शकतात याचा अंदाज घरच्यांना असतो, आपल्याला नसतो.

आता जुन्या शाळेचं वेगळं काम. संस्थापकांच्या तारखा काढा आणि त्या शाळेच्या वर्षात कुठे पडतात ते बघा. उदाहरणाला न्यू इंग्लिश स्कूल घेऊ, कारण पुण्यातल्या खासगी शाळांची गोष्ट सांगताना तिला वगळता येत नाही. शाळा सुरू झाली 1 जानेवारी 1880 ला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली, त्यांच्याबरोबर टिळक आणि माधवराव नामजोशी होते, मागोमाग वामन शिवराम आपटे आणि आगरकर आले. तारखा मांडल्या की लगेच एक गोष्ट ध्यानात येते. टिळकांची जयंती 23 जुलैला, पुण्यतिथी 1 ऑगस्टला, दोन्ही भर सत्रात. आगरकरांची जयंती 14 जुलैला. चिपळूणकरांचा जन्म 20 मेचा, म्हणजे उन्हाळी सुट्टी, आणि मृत्यू 17 मार्चचा, म्हणजे दहावीचे पेपर. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना 24 ऑक्टोबर 1884 ची, ती बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर येते. ज्यांच्या पुढाकाराने शाळा निघाली त्यांच्याबद्दल मुलांना सगळ्यात कमी माहिती असते, ती निव्वळ कॅलेंडरमुळे. म्हणून अशा माणसांसाठी सत्रातला एखादा दिवस मुद्दाम राखून ठेवा. तो जयंतीचाच असला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही.

ध्येयधोरणांची पाटी बहुतेक शाळांत जिन्यापाशी असते आणि तिच्याखाली चपला असतात. त्या पाटीवरची वाक्यं सूत्रसंचालनात घालून भागत नाही. त्या लोकांनी नेमकं काय केलं होतं ते आधी स्वतः समजून घ्या. शाळा सरकारी नव्हती, मिशनरींचीही नव्हती. इंग्रजी शिकायचं, पण ते आपल्या हातातल्या शाळेत आणि सामान्य घरातल्या मुलाला झेपेल अशा खर्चात, हा बेत होता. सोसायटी निघाल्यावर कारभार शिकवणाऱ्यांच्याच हाती राहावा म्हणून आजीव सदस्य नेमले गेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी दरमहा 75 रुपयांवर 20 वर्षं नोकरीची हमी दिली ती याच पद्धतीत. हे एकदा डोक्यात बसलं की वर्षभराच्या निम्म्या निर्णयांची उत्तरं आपोआप मिळतात. स्नेहसंमेलनाला इव्हेंट कंपनी बोलवायची का? नाही. एलईडीची भिंत भाड्याने आणायची का? पालकांच्या खिशाकडे बघून ठरवा. दर कार्यक्रमाच्या नियोजनपत्रावर खर्चाचा रकाना ठेवा आणि त्याच्या शेजारी ‘मुलाकडून किती घेणार’ हा दुसरा. दुसऱ्या रकान्यात शून्य लिहिता येईल असेच कार्यक्रम जास्त ठेवा.

जूनमधली पहिली धावपळ प्रवेशोत्सवाची. फुगे, गुलाबाची फुलं, पाठ्यपुस्तकांचं वाटप हे सगळं होऊन जातं, त्यावर फार वेळ घालवू नका. त्याच आठवड्यात 17 जून येतो, आगरकरांची पुण्यतिथी. ते गेले 1895 मध्ये, वयाच्या चाळिशीच्या आत, सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना. शाळा नुकतीच उघडलेली असते, त्यामुळे या दिवशी तसबीर काढायला गेलं की ती कपाटावर उपडी पडलेली सापडते. म्हणून तसबिरींचं काम मेमध्येच उरका. शिपाईमामांना सांगून सगळ्या खाली उतरवा. काच ओल्या फडक्याने नको, आधी कोरड्याने पुसा, कारण जुन्या चौकटीत पाणी आत झिरपतं आणि फोटोवर पिवळा ओघळ येतो. मागचा पुठ्ठा वाळवीने खाल्लाय का बघा. तारेऐवजी कुणीतरी सुतळी बांधलेली असेल तर ती बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाठीमागे कागद चिकटवून नाव, जन्म-मृत्यूची सालं आणि शाळेशी काय संबंध ते लिहा. पगडीवाले चार गृहस्थ एका रांगेत ठेवले की नवीन शिक्षकांना त्यांतले कोण कोण ते ओळखता येत नाही. चुकीच्या तसबिरीला हार घातला गेला की पहिल्या बाकावरचा मुलगा ते मोठ्याने सांगतो.

जुलै-ऑगस्टमध्ये वक्तृत्व स्पर्धा असते. इथे माझं ठाम मत आहे. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ पासून शेंगांच्या टरफलांपर्यंतचं पाठ भाषण ऐकून परीक्षकही कंटाळले आहेत. त्याऐवजी एका वर्षी वादविवाद ठेवून बघा. विषय शोधायला लांब जायला नको, शाळेच्या जन्मकथेतच आहे. टिळक आणि आगरकर दोघे 1856 चे, डेक्कन कॉलेजमधले मित्र. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणाने केलेल्या बदनामीच्या खटल्यात, दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. तरीही पुढे आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, यावरून त्यांचं इतकं बिनसलं की आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि त्यांनी 1888 मध्ये सुधारक हे स्वतःचं वृत्तपत्र काढलं. टिळक 1890 मध्ये सोसायटीतूनच बाहेर पडले. 1884 साली हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तेव्हा तिथे मुलींना काय शिकवावं यावरही टिळकांनी टीका केली होती आणि आगरकर मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने लिहीत होते. हे सगळं आठवी-नववीच्या मुलांना सांगायला बिचकू नका. दोन्ही बाजूंचे उतारे ग्रंथालयातून काढून पंधरा दिवस आधी द्या. बाजू चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे घरून शिकवून पाठवलेलं मत आपोआप अडचणीत येतं. परीक्षकांना आधीच सांगा की गुण आवाजाला नाहीत, समोरच्याच्या मुद्द्याला दिलेल्या उत्तराला आहेत. ‘थोर पुरुषांत भांडणं लावता का’ असं विचारणारे एखादे पालक येतील. त्यांना चहा द्या आणि पुढच्या रांगेत बसवा.

पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी ध्वजाची तालीम हवीच. दोरी वर्षभर पावसात आणि उन्हात असते, ती हाताने पूर्ण खेचून बघा. वरची कप्पी कुरकुरत असेल तर तेल घालायला उंच शिडी लागते, आणि ती सकाळी सहाला मिळत नाही. ध्वज घडी घालताना केशरी पट्टा वर कुठल्या बाजूला जाणार ते दोघांनी तपासायचं, एकाने नाही. पाकळ्या आत ठेवायच्या तर कोरड्या आणि थोड्याच, झेंडूची अख्खी फुलं नकोत. पावसाच्या ओलाव्याने ती गाठीत अडकून बसतात. ओढगाठ बांधल्यावर एकदा प्रत्यक्ष ओढून सोडवा आणि पुन्हा बांधा. हे काम वर्षानुवर्षं ज्या मामांनी केलंय ते निवृत्तीला आले असतील तर यंदा त्यांच्या शेजारी एक तरुण शिक्षक आणि नववीची दोन मुलं उभी करा. ध्वजवंदनासाठी प्रमुख पाहुणे कोण, यावर जेवढ्या बैठका होतात त्याच्या एक दशांश वेळ या दोरीला दिला तरी पुरे.

गणपतीबद्दल थोडक्यात. पेठेतली शाळा असेल तर रस्ते कधी बंद होणार ते वाहतूक शाखा जाहीर करते, ते बघून वेळा बदला. शाळेचं ढोलपथक असेल तर सरावाच्या वेळी आसपासच्या वाड्यांतल्या आजी-आजोबांचा विचार करा. मुलांना कानात घालायला कापूस द्या. बाकी पुण्यात या विषयावर सल्ला देणाऱ्यांची कमी नाही.

सहलीची परवानगी, पालकांची संमतिपत्रं, एसटीची शालेय सवलत यांचे कागद दिवाळीआधीच द्या, कारण डिसेंबरात आगारात गाड्यांसाठी रांग असते. पण लांबच्या सहलीइतकीच एक सकाळची पायी फेरी ठेवा, तिला पैसे लागत नाहीत. बुधवार पेठेतल्या भिडेवाड्याच्या जागेपासून सुरुवात करा. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती तिथे. वाडा 2023 च्या डिसेंबरात पाडला, तेव्हा मुलांना वाडा दाखवतो असं आधी सांगू नका. जागा दाखवा आणि तिथे काय घडलं ते सांगा. तिथून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागा, पुढे नारायण पेठेतला केसरीवाडा. जमलं तर फर्ग्युसन वेगळ्या दिवशी. कॉलेज सुरू झालं 1885 च्या 2 जानेवारीला आणि आजच्या आवारात ते नंतर गेलं, हे मुलांना सांगितलं की इमारत म्हणजे शाळा हा गैरसमज थोडा सुटतो. दर पंचवीस मुलांमागे एक शिक्षक, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या आणि रस्ता ओलांडताना दोरीचा वापर. लक्ष्मी रस्ता दुकानं उघडायच्या आत पार करायचा.

स्नेहसंमेलनाचं सभागृह ही वर्षातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात बेभरवशाची गोष्ट. भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक, बालगंधर्व, जे मिळेल ते, पण तारीख जूनमध्येच मागा. मैदान असेल तर मैदानच बरं. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस चौकीतून लेखी घ्या आणि दहाच्या आत माइक बंद होईल असा कार्यक्रम आखा. प्रत्येक वर्गाचा एक नाच असा हट्ट धरला की शेवटचे तीन नाच रिकाम्या खुर्च्यांसमोर होतात. एखादी नाटुकली मुलांनीच लिहावी. तिच्यात शाळेची गोष्ट असेल तर चिपळूणकरांना या निमित्ताने रंगमंच मिळतो. त्यांची निबंधमाला दर महिन्याला निघायची, 1874 पासून सात वर्षं. तिच्या एखाद्या अंकाची छपाई चालू आहे आणि मजकूर पुरेसा कडक नाही म्हणून शास्त्रीबुवा कुरकुरताहेत, एवढा प्रवेश नववीची मुलं झकास करतील. पोशाख, पगड्या, उपरणी पालकांच्या कपाटांत निघतात. घेतलेल्या वस्तूला नावाची चिठ्ठी टाचा आणि परतीची तारीख लिहा.

वर्धापनदिन 1 जानेवारीला असेल तर कार्यक्रम सकाळी साडेआठच्या आधी ठेवू नका. आदल्या रात्री सगळं पुणं जागं असतं. त्याच दिवशी कोरेगाव भीमाला जाणाऱ्यांसाठी नगर रस्त्यावर वाहतूक वळवलेली असते, तिकडून येणाऱ्या मुलांना आणि शिक्षकांना आधी कळवा. माजी विद्यार्थ्यांना बोलवायचं तर भाषणाला एकालाच, बाकीच्यांना वर्गात पाठवा. सत्तरीच्या एखाद्या आजोबांनी सहावीच्या मुलांना आपल्या वेळच्या गणिताच्या सरांची नक्कल करून दाखवली की तास छान जातो. देणगीचा विषय त्याच दिवशी काढू नका, नंतर पत्र पाठवा. पत्रात किती हवेत आणि कशासाठी ते स्पष्ट लिहा: प्रयोगशाळेच्या काचा, ग्रंथालयाची कपाटं, फी भरू न शकणाऱ्या मुलांचा निधी. मिळालेल्या पैशांचा हिशेब पुढच्या जानेवारीत छापून द्यायची तयारी आजच ठेवा. पावतीपुस्तक एकाच व्यक्तीकडे असू द्या, आणि ती व्यक्ती उपक्रमप्रमुख नसावी.

दोनच दिवसांनी, 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. दोन्ही मिळून एकच आठवडा धरा, वेगळा मंडप घालू नका. 27 फेब्रुवारी आणि 28 फेब्रुवारीचंही असंच, मराठी भाषा गौरव दिन आणि विज्ञान दिन लागून येतात. एका बाजूला विज्ञानाचे तक्ते मराठीत करून घेतले की दोन्ही साजरे होतात.

मार्चमध्ये शाळा अर्धी रिकामी असते. दहावीची मुलं केंद्रांवर, शिक्षक पर्यवेक्षणाला. 17 मार्चला मोठा कार्यक्रम जमणार नाही, पण नववीच्या एखाद्या वर्गात ग्रंथालयाचा तास लावून निबंधमालेतला एक उतारा मोठ्याने वाचून घेता येतो. मुलांना भाषा अवघड जाईल. जाऊ द्या, दोन परिच्छेद पुरेत, आणि शब्दकोश हाताशी ठेवा.

एप्रिलमध्ये पुढच्या उपक्रमप्रमुखाकडे फाइल देताना फक्त कार्यक्रमपत्रिका देऊ नका. कुठल्या सभागृहाची अनामत परत यायची आहे, ढोलांची पानं कुणी बदलली, ध्वजाची जादा दोरी कुठल्या कपाटात आहे, वादविवादाचे उतारे कुठल्या ग्रंथांतून काढले, कुठल्या माजी विद्यार्थ्याला फोन सकाळी करायचा नाही, हे एका फुलस्केपवर लिहा. कपाटाच्या दोन किल्ल्या करून एक कार्यालयात सही घेऊन जमा करा.