कम्बाइनचे आकडे आले, आता डिफेन्सवाल्या पोरांना जोखायचं कसं?

फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला लुकास ऑइल स्टेडियममध्ये एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं, स्काउटिंग कम्बाइन (कॉलेजच्या खेळाडूंच्या शारीरिक टेस्ट) सुरू होतं आणि लगेच सगळीकडे आकड्यांचा पाऊस पडतो, हा ४० यार्ड ४.४ सेकंदांत धावला, तो ४१ इंच उडाला, याला पहिल्या राउंडमध्येच घ्या वगैरे. ड्राफ्ट, म्हणजे टीम्सनी राउंडवार पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं, एप्रिलच्या शेवटी असतो, म्हणजे मधे दोन महिने आपल्या हातात असतात, आणि या काळात डिफेन्सच्या पोरांची स्वतःची यादी बनवायला खरंच मजा येते. फक्त आकडे नीट वाचता आले पाहिजेत. माझं म्हणणं साधं आहे. टेस्टचा आकडा बघितला की त्यातून एक प्रश्न काढायचा आणि तो प्रश्न घेऊन त्या पोराच्या कॉलेजच्या मॅचेस परत बघायला बसायचं. नुसत्या आकड्यावर यादी लावली तर फसगत ठरलेली, आणि आकडे न बघता नुसत्या हायलाइट्सवर लावली तरी तेच.

सगळ्यात आधी वजन बघा. हे लोक हमखास विसरतात. ४० यार्डचा टाइम वजनाशिवाय वाचण्यात काही अर्थच नाही. २०२२ ला जॉर्जियाचा जॉर्डन डेव्हिस ३४१ पाउंडाचं शरीर घेऊन ४.७८ सेकंदांत धावला, म्हणजे जवळपास १५५ किलोचा माणूस! २०२३ ला त्याच कॉलेजचा नोलन स्मिथ ४.३९ मध्ये धावला, पण त्याचं वजन होतं २३८ पाउंड. दोघंही पुढे ईगल्स टीमकडे गेले. आता यातला जास्त भारी कोण, तर त्यासाठी बिल बार्नवेलने काढलेला स्पीड स्कोअर वापरता येतो, वजन गुणिले २०० करायचं आणि त्याला ४० च्या टाइमच्या चौथ्या घाताने भागायचं. डेव्हिसचा येतो साधारण १३१, स्मिथचा १२८. म्हणजे शंभर पाउंड जास्त असूनही डेव्हिस वर! हा फॉर्म्युला मुळात रनिंग बॅकसाठी (बॉल घेऊन धावणाऱ्यासाठी) बनवलेला आहे त्यामुळे डिफेन्सला तो ढोबळमानानेच लावायचा, पण वजनाची आठवण करून द्यायला उत्तम आहे. आणि स्मिथचा आकडा बघून जो प्रश्न पडायला हवा तो असा की एवढ्या हलक्या अंगाने ३१०-३२० पाउंडाचा टॅकल, म्हणजे समोरच्या टीमचा अडवणारा गडी, अंगावर आल्यावर रन प्लेमध्ये (बॉल घेऊन धावतात तेव्हा) हा लाइनची कडा धरून उभा राहतो का. तेवढंच बघायला त्याच्या मॅचेस लावा.

दुसरं म्हणजे पूर्ण ४० यार्डांपेक्षा पहिल्या १० यार्डांचा टाइम शोधा, ज्याला टेन यार्ड स्प्लिट म्हणतात. लाइनवर खेळणारा माणूस एका प्लेमध्ये सरळ रेषेत ४० यार्ड धावतो असं क्वचितच होतं, त्याचं सगळं काम पहिल्या तीन-चार पावलांत संपतं. एज रशर, म्हणजे बाजूने येऊन बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पाडणारा, १.६० च्या आसपास किंवा आत असेल तर मस्त, १.७० च्या वर गेला तर मी लगेच सावध होतो. लाइनच्या मधोमध खेळणाऱ्या जाडजूड डिफेन्सिव्ह टॅकलला अर्थातच इथे सूट द्यायची.

आता हे एज रशर, कारण ड्राफ्टमध्ये सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इथे तीन गोष्टी एकत्र वाचायच्या, उडी, वळण आणि हाताची लांबी. उडी म्हणजे व्हर्टिकल (जागेवरून वर) आणि ब्रॉड जंप (जागेवरून पुढे), यातून पायातला स्फोट कळतो. वळणासाठी थ्री-कोन ड्रिल बघायचं, ज्यात पाच-पाच यार्डांवर इंग्रजी एल आकारात तीन कोन ठेवलेले असतात आणि गड्याला त्यांच्याभोवती वळसे घेत परत यायचं असतं. खो-खोत पाठलाग करणारा खांबाला हात लावून अंग झुकवतो आणि वेग न सोडता वळतो ना, अगदी तेच एज रशरला टॅकलच्या बाहेरून जाताना करायचं असतं, फक्त खांबाच्या जागी दीडशे किलोचा माणूस असतो आणि तो ढकलत असतो. म्हणून थ्री-कोन सात सेकंदांच्या आत आला की माझे कान टवकारतात. व्हॉन मिलर २०११ ला ६.७० होता, टी. जे. वॉट २०१७ ला ६.७९, मॅक्स क्रॉसबी २०१९ ला ६.८९. आणि यातला क्रॉसबी ईस्टर्न मिशिगनसारख्या छोट्या कॉलेजमधून आला म्हणून चौथ्या राउंडपर्यंत, १०६ व्या नंबरपर्यंत पडून राहिला! मोठ्या कॉलेजचं नाव नसलेल्या पोरांच्या बाबतीत टेस्टचा खरा उपयोग होतो तो असा, कारण समोरची टीम कमजोर होती म्हणून हा चमकला का ही शंका आकडे बऱ्यापैकी दूर करतात.

मायल्स गॅरेटचे २०१७ चे आकडे एकदा शांतपणे वाचा, २७२ पाउंड, ४० यार्ड ४.६४ मध्ये, व्हर्टिकल ४१ इंच, ब्रॉड जंप १० फूट ४ इंच, बेंच प्रेसला २२५ पाउंड ३३ वेळा. ब्राउन्सनी पहिल्या नंबरवर घेतला आणि २०२३ चा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर तो झाला. पण याच्या शेजारी व्हर्नन गोल्स्टन ठेवा, ओहायो स्टेटचा, २००८. २६६ पाउंड, ४.६७, ब्रॉड जंप १० फूट ५ इंच, बेंच ३७ वेळा. कागदावर दोघं भाऊ वाटतील. जेट्सनी सहाव्या नंबरवर घेतला आणि पठ्ठ्याला एनएफएलमध्ये एकही सॅक (बॉल फेकण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) मिळाला नाही, शून्य. त्याच्याही आधी १९९५ ला बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला, ज्याने कम्बाइनच्या ड्रिल्सचीच खास तयारी केली होती, २६ बेंच, ३८.५ इंच व्हर्टिकल, ४.५८, आणि ईगल्सनी बाराव्यावरून वर सरकून सातव्या नंबरवर त्याला उचलला. त्या बाराव्या नंबरवर बक्स टीमने कोणाला घेतलं तर वॉरेन सॅपला, जो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. मामुला अगदीच वाया गेला नाही, ३१.५ सॅक काढले त्याने, पण तुलना बघून ईगल्सच्या चाहत्यांचा जीव आजही कळवळतो. आणि आता तर जानेवारीपासूनच सगळे प्रॉस्पेक्ट ट्रेनिंग सेंटरला जाऊन ४० ची सुरुवात, पहिलं पाऊल, हाताची पोझिशन सगळं घोटून येतात, त्यामुळे आकडे सगळ्यांचेच थोडे चकाचक झालेले असतात.

मग करायचं काय, तर टेस्टच्या शेजारी कॉलेजचं उत्पादन लिहायचं. सॅक किती, बॅकफिल्डमध्ये, म्हणजे समोरच्या लाइनच्या मागे, किती जणांना पाडलं, आणि ते कोणाविरुद्ध. टेरेल सग्सने २००२ मध्ये अॅरिझोना स्टेटकडून २४ सॅक काढले, एका सीझनचा कॉलेजचा विक्रम, पण ४० मध्ये तो सुस्त धावला म्हणून लोकांनी नाकं मुरडली आणि तो दहाव्या नंबरवर रेव्हन्सना मिळाला. करिअर संपलं तेव्हा त्याच्या नावावर १३९ सॅक होते. उलटं उदाहरण डॅनिएल हंटरचं. एलएसयूच्या शेवटच्या सीझनमध्ये फक्त दीड सॅक, पण २५२ पाउंडावर ४.५७ आणि ब्रॉड जंप १० फूट १० इंच. व्हायकिंग्सनी २०१५ ला तिसऱ्या राउंडमध्ये घेतला, वय लहान, शिकवायला वेळ होता, आणि २०१८ व २०१९ ला सलग १४.५ सॅक. म्हणजे आकडे भारी आणि सॅक कमी असं दिसलं तर व्हिडिओत एकच गोष्ट शोधा, की हा क्वार्टरबॅकपर्यंत पोचतोय पण हातात येत नाहीये, की पोचतच नाहीये. पहिला असेल तर तिसऱ्या राउंडमध्ये डोळे झाकून घ्या, दुसरा असेल तर सोडून द्या.

आतले डिफेन्सिव्ह टॅकल. इथे बेंच प्रेसचा मोठा गाजावाजा होतो, पण मला त्याला फार महत्त्व द्यावंसं वाटत नाही. आखूड हातवाल्याला बार कमी अंतर ढकलावा लागतो, त्यामुळे त्याचे रेप्स जास्त येतात, आणि मैदानावर मात्र तोच आखूड हात त्रास देतो. म्हणून बेंच आणि हाताची लांबी कायम जोडीने वाचा. अॅरन डोनाल्ड २०१४ ला ६ फूट १ इंच आणि २८५ पाउंड, सगळे म्हणाले बुटका आहे, पण ४० यार्ड ४.६८ आणि बेंच ३५. तेराव्या नंबरवर गेला आणि तीनदा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला. तिथे उत्पादन आणि टेस्ट दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत होते, फक्त उंची आडवी येत होती, आणि असं तीनातलं एकच बिनसलेलं असेल तर मी खेळाडूच्या बाजूने राहतो. जॉर्डन डेव्हिसच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता, एवढा वेग दाखवला पण कॉलेजमध्ये तो मॅचचे किती प्ले मैदानात असायचा? दमसास कुठलीच टेस्ट सांगत नाही, चौथ्या क्वार्टरचा व्हिडिओ सांगतो.

लाइनबॅकरला, म्हणजे लाइनच्या मागे उभा राहणाऱ्याला, टेस्टचा आधार जरा कमीच घ्या. त्याचं निम्मं काम डोळ्यांनी चालतं, बॉल कुठे जाणार हे आधी ओळखणं. ल्यूक कीकली २०१२ ला २४२ पाउंडावर ४.५८ धावला, व्हर्टिकल ३८ इंच, पण तो ग्रेट झाला तो प्ले आधी ओळखण्यामुळे. क्लेम्सनचा आयझेया सिमन्स २०२० ला २३८ पाउंडावर ४.३९ धावला, ब्रॉड जंप ११ फूट, आठव्या नंबरवर कार्डिनल्सकडे गेला, आणि हा लाइनबॅकर की सेफ्टी (सगळ्यात मागे राहणारा) हे ठरता ठरता २०२३ ला सातव्या राउंडच्या एका पिकच्या बदल्यात जायंट्सकडे गेला. म्हणून इथे व्हिडिओत बॉल स्नॅप झाल्यावरचं, म्हणजे प्ले सुरू झाल्यावरचं, पहिलं पाऊल बघा, योग्य दिशेला पडतंय का, आणि किती लवकर. ४.५ वाला माणूस अर्धा सेकंद थांबला तर तो ४.७ वाल्याच्याही मागे.

कॉर्नरबॅकला, म्हणजे पास झेलणाऱ्या रिसीव्हरला अडवणाऱ्याला, मात्र ४० यार्डांना खरी किंमत आहे, कारण रिसीव्हरच्या मागे खरोखर एवढं लांब धावावं लागतं. २०२२ ला तारिक वूलन, ६ फूट ४ इंच आणि ४.२६, तरी पाचव्या राउंडमध्ये १५३ व्या नंबरवर सिएटलला मिळाला आणि पहिल्याच सीझनमध्ये ६ इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास मधेच झेलणं). रिसीव्हरचा कॉर्नर झालेला, त्यामुळे कच्चा आहे म्हणून बाकीच्यांनी सोडला. सिएटलला पीट कॅरोलच्या काळात लांब हाताचे कॉर्नर फार आवडायचे, रिचर्ड शर्मनही त्यांना पाचव्याच राउंडमध्ये मिळाला होता आणि तोही आधी रिसीव्हरच. सेफ्टीला मी ४० च्या बाबतीत ढिला सोडतो. काइल हॅमिल्टन ४.५९ धावला म्हणून चौदाव्यापर्यंत घसरला, रेव्हन्सनी घेतला, आणि २०२३ ला फर्स्ट टीम ऑल-प्रो (सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड).

आकडेच नसतील तर? हल्ली बरेच जण थ्री-कोन आणि शटल (दोन्ही बाजूंना वळत धावायची टेस्ट) करतच नाहीत. टेस्ट केली नाही म्हणजे काहीतरी लपवतोय असं लगेच धरू नका, प्रो डेपर्यंत (कॉलेजमध्येच टेस्ट होतात तो दिवस) थांबा, ते बहुतेक मार्चमध्ये असतात. बॉबी वॅग्नर २०१२ ला न्यूमोनियामुळे कम्बाइनमध्ये भाग घेऊ शकला नाही, प्रो डेला जोरदार धावला आणि सिएटलने ४७ व्या नंबरवर घेतला, आणि पुढे तो मोठा खेळाडू झाला. २०२१ ला तर कोविडमुळे नेहमीसारखं कम्बाइनच झालं नाही, सगळ्यांचे प्रो डेचेच आकडे. फक्त प्रो डेला स्टॉपवॉच हातात असतं आणि मैदान घरचं, त्यामुळे ४० चा टाइम कम्बाइनपेक्षा जरा जास्तच छान येतो, यादीत त्याच्यापुढे खूण करून ठेवा आणि कम्बाइनच्या आकड्याशी थेट तुलना करू नका. जुने आकडे पाहिजे असतील तर प्रो फुटबॉल रेफरन्सवर २००० पासूनचे मिळतात, आणि केंट ली प्लॅटचा आरएएस आहे, जो त्या पोझिशनच्या सगळ्या जुन्या खेळाडूंशी तुलना करून शून्य ते दहा मार्क देतो. चाळणी म्हणून चांगला आहे, पण एकाच मार्कात उडी, वळण, वजन सगळं कालवलेलं असतं, म्हणून आतले आकडे वेगळे उघडून बघाच.

सरावासाठी २०२२ ची पहिली दोन नावं घ्या. ट्रेव्हॉन वॉकर, २७२ पाउंड, ४.५१, हात ३५.५ इंच, थ्री-कोन ६.८९, कॉलेजच्या तीन वर्षांत मिळून ९.५ सॅक. एडन हचिन्सन, २६० पाउंड, ४.७४, हात ३२ इंचांच्या जरासा वर, थ्री-कोन ६.७३, शटल ४.१५, आणि एकाच सीझनमध्ये १४ सॅक. स्पीड स्कोअर काढला तर १३१ विरुद्ध १०३, म्हणजे वॉकर कुठच्या कुठे पुढे. पण वळणात हचिन्सन पुढे, उत्पादनात तर फारच पुढे, मागे पडतो तो सरळ वेगात आणि हातात. जॅग्वार्सनी वॉकरला पहिला घेतला, लायन्सनी हचिन्सनला दुसरा. वॉकर वाईट निघाला नाही, २०२३ ला १० आणि २०२४ ला १०.५ सॅक आहेत त्याचे, पण हचिन्सनने २०२४ ला पाय मोडण्याआधी फक्त पाच मॅचमध्ये ७.५ काढले होते. माझ्या यादीत अशा जोडीत थ्री-कोन आणि सॅक एकत्र असलेला एज रशर कायम वर असतो, आणि लांब हात व सरळ वेगवाला त्याच्या खाली, पण त्याच गटात. ३२ जणांना १ ते ३२ नंबर देत बसण्यापेक्षा असे चार-पाच गट पाडा आणि प्रत्येक नावापुढे व्हिडिओतून मिळालेलं उत्तर एका ओळीत लिहा, म्हणजे भारतात शुक्रवारी पहाटे साडेपाचला पहिला राउंड सुरू होईल तेव्हा प्रत्येक पिकला यादीत शोधाशोध करावी लागणार नाही.