जुन्या जिप्सीचा दरवाजा लटकला? लॉकला हात लावण्याआधी हे वाचा

माझ्या जुन्या मारुती जिप्सीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा नीट लागेनासा झाला, तेव्हा मी पहिलं काम केलं तेच चुकलं. चौकटीच्या खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे दरवाजाचं लॉक ज्यात अडकतं तो आकडा, सैल केला, दोन-तीन मिलिमीटर खाली सरकवला आणि पुन्हा आवळला. दरवाजा 'टक्क' करून लागला. शेजारच्या काकांनी गॅलरीतून मान डोलावली. मीही खूश. महिनाभर नागपूरहून काटोल रोडने संत्र्याच्या बागेत येणं-जाणं झालं आणि दरवाजा पुन्हा जैसे थे. मी पुन्हा स्ट्रायकर खाली घेतला. तिसऱ्या वेळी त्याला सरकायला जागाच उरली नाही, दरवाजा मात्र खाली यायचा थांबला नव्हता.

दरवाजा लटकतो बिजागरीकडे आणि त्रास दिसतो लॉककडे. म्हणून दहातले नऊ जण लॉकशी झटापट करत बसतात. बिजागरीला आपल्याकडचे मिस्त्री कब्जा म्हणतात. दोन कब्ज्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आणि कब्ज्यापासून लॉकपर्यंत दरवाजाची लांबी १ मीटर धरा. वरच्या कब्ज्यात फक्त १ मिलिमीटर ढिलाई आली, तरी लॉकच्या टोकाला दरवाजा अडीच मिलिमीटर खाली येतो. कब्ज्याकडे बघाल तर काही दिसणार नाही. लॉककडे मात्र स्ट्रायकरवर घासल्याची चकचकीत रेघ उठलेली असेल.

आधी दुखणं कुठं आहे ते बघा

हे काम सकाळी सातच्या आत उरका. मे महिन्यात नागपुरात दुपारी पत्र्याला हात लावला तर हात आधी सोलून निघेल, दरवाजा नंतर. गाडी सपाट जागी उभी करा, उतारावर नको. चारही टायरांत हवा सारखी असू द्या.

दरवाजा अर्धा उघडा. मागचा खालचा कोपरा दोन्ही हातांनी धरून हळूच वर-खाली करा. झटके देऊ नका. दुसऱ्या कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च देऊन कब्ज्यांजवळ बसवा. मी भाच्याला बसवलं होतं. तो म्हणाला, "मामा, वरचा हलून रायला, खालचा चूप हाय." निम्मं निदान तिथंच झालं. दरवाजाचं वजन वरच्या कब्ज्याला ओढतं आणि खालच्याला दाबतं, त्यामुळे बहुतेक वेळा वरचाच आधी जातो.

आता नेमकं काय हलतंय ते बघायचं. कब्ज्याची दोन पानं जोडणाऱ्या पिनीभोवती पान नाचत असेल तर बुश, म्हणजे पिनीभोवतीची छोटी नळी, झिजलंय. अख्खा कब्जा खांबावर सरकत असेल, त्याच्या कडेचा रंग तडकला असेल आणि बोल्टाभोवती तांबूस भुकटी दिसत असेल, तर बोल्ट ढिले आहेत. हे सगळ्यांत स्वस्तातलं दुखणं. कब्जा घट्ट आहे पण खांबाचा पत्राच आत-बाहेर होतोय, तर खांबाला चीर गेलीय किंवा आतून गंज लागलाय. तिथं पाना खाली ठेवा, ते डेंटरचं काम. आणि काहीच हलत नाही, तरी दरवाजा खाली आहे? मग कब्जा वाकला असेल, नाहीतर दोष दरवाजात नसून बॉडीत असेल. त्याबद्दल पुढे येईलच.

फटींवरूनही बरंच कळतं. दरवाजा लावून दोन पावलं मागे या. पुढची फट वरच्या बाजूला रुंद आणि मागची वरच्या बाजूला अरुंद दिसली, तर दरवाजा कब्ज्यावर झुकलाय. फटी सगळीकडे सारख्या, पण आख्खा दरवाजाच खाली बसल्यासारखा वाटत असेल, तर नुसती बुशं बदलून फारसं हाती लागणार नाही.

लाकडी ओंडका आणि गुडघा

जुन्या डेंटरांची एक हातोटी असते. कब्ज्याजवळ लाकडाचा ठोकळा अडकवायचा, दरवाजा त्यावर दाबायचा, की कब्जा वाकतो आणि दरवाजा वर येतो. पाच मिनिटांत काम. त्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. गाडी कुठे ठोकली गेली असेल आणि कब्जा खरंच वाकला असेल, तर जाणत्या हातात ही युक्ती चालते. पण झिजलेल्या बुशावर ती केली की एकाची दोन दुखणी होतात, झीज तशीच आणि वर कब्जाही वाकडा. माझ्या गाडीवर एका मिस्त्रीने हे केलं. दरवाजा वर आला खरा, पण काचेच्या चौकटीचा वरचा कोपरा बाहेर आला. पावसाळ्यात बायकोच्या खांद्यावर पाणी गळायला लागलं, तेव्हा त्याचा हिशेब झाला.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे दरवाजाखाली जॅक लावून तो चढवत सुटणं. जॅक लावायचाच आहे, पण फक्त वजन तोलायला. वर लाकडी फळी आणि गोणपाटाची घडी ठेवा आणि दरवाजाचा भार जॅकवर आला की थांबा. पुढे प्रत्येक फेऱ्याला तुम्ही खांबाचा पत्रा ओढत असता. जुन्या गाडीचा पत्रा किती ओढ सहन करेल, ते तो फाटल्यावरच कळतं.

पिन-बुशाचं काम करताना

सगळ्यात आधी स्ट्रायकर पूर्ण काढून ठेवा. तो जागेवर असला की दरवाजा लावताना तोच दरवाजाला उचलतो आणि तुमचं माप फसतं. काढण्याआधी त्याच्याभोवती मार्करने रेघ ओढा. कब्ज्यांभोवतीही ओढा. ही रेघ नसेल तर परत बसवताना तास-दोन तास 'थोडा वर, थोडा आत' यातच जातात, आणि मदतीला आलेला माणूस पुढच्या वेळी फोन उचलत नाही.

माझ्या जिप्सीच्या कब्ज्यांना स्टार डोक्याचे स्क्रू आहेत. जपानी घडणीच्या गाड्यांत या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या स्टार स्क्रूड्रायव्हरपेक्षा किंचित वेगळी असते, म्हणून साधा ड्रायव्हर वर घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. ठोका सरळ आणि दमदार हवा. दोन-चार बारीक ठोक्यांनी खाच खराबच होते. एक स्क्रू बिघडवला तर पुढचे दोन तास ड्रिल घेऊन बसायची तयारी ठेवा.

पिन काढली की तिच्यावर नख फिरवा. मधे खळगा लागला तर ती गेली. नुसतं बुश बदलून जुनी पिन घालणं ही काटकसर महागात पडते, खळगा पडलेली पिन नवं बुश पुन्हा खाते. कब्ज्याचं भोकही बघा. ते लांबट झालं असेल तर नवं बुश त्यात बसणार कसं? मी कब्जे काढून हिंगणा एमआयडीसीकडच्या एका लेथवाल्याकडे नेले. त्याने भोक गोल करून घेतलं, त्या मापाचं पितळी बुश वळलं आणि पिनीचं माप बुशाला जुळवलं. मी जवळ उभा राहून "अजून जरा घट्ट" म्हणत होतो. तो म्हणाला, "भाऊ, तेवढं घट्ट केलं तं दरवाजा हत्तीनंच उघडा लागन." त्याचं खरं होतं. पिन अंगठ्याच्या दाबाने आत सरकली पाहिजे आणि बाजूला हलवली तर हलू नये, एवढंच.

पिनीवर घट्ट ग्रीसचा गोळा थापू नका. आपल्या भागातली काळी माती वाळून बारीक धूळ होते आणि ग्रीसमध्ये बसली की पॉलिश पेपरसारखी घासते. दरवाजा जोडण्याआधी पिनीला ग्रीसचा पातळ हात द्या. पुढे महिन्या-दोन महिन्याला कब्जा फडक्याने पुसून तेलाचे दोन थेंब पुरतात.

दरवाजा परत टांगला की स्ट्रायकर न लावता फटी जुळवा. अजून किंचित खाली असेल आणि कब्जा खांबाच्या मागच्या तोंडावर बसत असेल, तर खालच्या कब्ज्यामागे पातळ पत्र्याची पट्टी घातल्यावर दरवाजाचं लॉककडचं टोक वर येतं. पट्टी शेवटी घालायची. झिजलेलं बुश लपवायला आधीच घातली तर पुन्हा स्ट्रायकरचीच गोष्ट. सगळं जमलं की शेवटी स्ट्रायकर बसवा. दरवाजा हलक्या हाताने लोटा, लॉक स्ट्रायकरच्या बरोबर मध्यावर आलं पाहिजे. लागताना दरवाजा वर किंवा खाली उडी मारत असेल तर स्ट्रायकर अजून चुकलाय.

कब्जा खांबाला वेल्ड करू नका

"एकदाचं वेल्ड करून टाका, कटकट मिटन," हा सल्ला मला तिघांनी दिला. कटकट मिटत नाही, कायमची चिकटते. मग ना दरवाजा जुळवता येतो, ना पुढे कब्जा बदलता येतो. चिरलेल्या खांबाला वेल्डिंग लागतंच, पण ते चिरेला आणि मागून घातलेल्या पट्टीला, कब्ज्याला नाही. ते करतानाही बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा, सीट आणि मॅट बाहेर घ्या, वेल्डिंगची अर्थची तार काम चाललंय तिथून जवळ लावा आणि शेजारी आग विझवायचं पावडरचं नळकांडं ठेवा. पेट्रोल गाडीत ठिणगी कुठं जाईल सांगता येत नाही.

पुट्टीबद्दल एक. जुनी गाडी घेताना खांबावर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. ते मधेच ढिलं पडलं, तर त्या जागी पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे. तिथं कब्जा कितीही घट्ट करा, तो रंगालाच धरून असतो.

बॉडीखालची रबरं

जिप्सी, बोलेरो, सुमो या गाड्यांची बॉडी चेसिसवर रबरी माउंटांवर बसते. आपल्या उन्हाळ्यात ही रबरं कडक होऊन चिरतात आणि एका कोपऱ्याचं रबर बसलं की दरवाजाची चौकटच तिरपी होते. बघायची सोपी रीत आहे. सपाट जागी दरवाजा उघडझाप करा, मग पुढचं एक चाक फूटपाथवर चढवून पुन्हा करा. फरक थोडा असणारच. पण वर चढवल्यावर दरवाजा आत अडकून बसत असेल, तर गाडीखाली पाठीवर झोपून माउंट बघा. नवं बुश त्यानंतर.

मागचा दरवाजा आणि स्टेपनी

मागचा दरवाजा लटकण्याचं कारण त्याच्या पाठीवरच असतं. मूळ टायरच्या जागी २३५ मिलिमीटर रुंदीचे टायर घालायची हौस असते, मग स्टेपनीही तीच. टायर-रिम मिळून २० किलोच्या पुढे जाते आणि एवढं वजन दरवाजाच्या मधोमध बाहेरच्या बाजूने टांगलेलं. खडबडीत रस्त्यावर प्रत्येक धक्का कब्ज्याला लागतो. दरवाजाच्या कडेचे रबरी गुटके झिजलेले किंवा गळून पडलेले असतील तर तो सारखा थरथरतो. हे गुटके काही रुपयांचे आहेत, पण कुणी बघत नाही. कब्ज्याचं काम स्टेपनी काढून करा, शेवटची जुळणी ती लावून तपासा.

दरवाजा उघडा ठेवायची पट्टी

दरवाजाला ठरावीक जागी थांबवणारी पट्टी तुटली असेल तर ती आधी बदला. वळवाच्या वादळात उघडा दरवाजा वाऱ्याने मागे फेकला गेला, तर कब्जा वाकतो आणि फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, खळगा पडतो. दोन्ही एकाच क्षणात. आणि गाडीत चढताना दरवाजाला लोंबकळू नका. घरच्या मोठ्यांना हे सांगणं अवघड आहे, मला ठाऊक आहे, मी खांबाला आतून एक हँडल बसवून प्रश्न मिटवला.

सगळं झालं, तरी दरवाजा आपटावाच लागतो?

मग रबर बीडिंगकडे, म्हणजे चौकटीभोवतीच्या रबरी पट्टीकडे वळा. बाजारात मिळणारं जाड बीडिंग लावलं की दरवाजा मागे उसळतो आणि माणूस पुन्हा स्ट्रायकरच्या मागे लागतो. वर्तमानपत्राची बोटभर पट्टी बीडिंग आणि चौकटीत ठेवून दरवाजा लावा आणि ती ओढून बघा. किंचित अडत निघाली तर ठीक. फाटली तर बीडिंग जाड आहे. सहज सुटली तर पावसाचं पाणी आत येणार. चारही बाजूंनी पाच-सहा ठिकाणी करा. माझ्या दरवाजाला ही पट्टी वरच्या मागच्या कोपऱ्यात अजूनही सहज सुटते, त्या ओंडक्याच्या कृपेने.