मटाराची फुले गळत होती : नागपुरातला माझा अनुभव

वेल कमरेइतका वाढे, पांढरी फुलेही येत. पण शेंग धरण्याआधीच ती देठासकट गळून पडत. थंड देशांत बर्फ वितळताच मटार पेरतात, हे वाचून मी फेब्रुवारीत पेरला, तेव्हा मार्चअखेरच्या उन्हाने फुलोरा करपला. सप्टेंबरमध्ये पेरलेले बी ओल्या काळ्या मातीत कुजले. दोन हंगामांचा वैताग झाला.

अखेर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेणखत मिसळून वीतभर उंच वाफा केला, रात्रभर भिजवलेले बी 3 सेंटीमीटर खोल, चार बोटांच्या अंतराने टोकले, एकदा पाणी दिले आणि कोंब वर येईपर्यंत पुन्हा दिले नाही (हा संयमच मला जमत नसे). वेल वीतभर होताच पऱ्हाटीचा आधार दिला. फुलोरा डिसेंबरअखेरच्या थंडीत आला आणि जानेवारीत शेंग चिमटीत धरली की आतले दाणे बोटांना लागू लागले.