हॉर्सरॅडिश लावताय? इंदूरच्या काळ्या मातीत या चुका टाळा

हॉर्सरॅडिश म्हणजे किसून खायची एक झणझणीत परदेशी मुळी. तिच्याबद्दल तिकडची पुस्तकं एकच धाक घालतात: एकदा लावलं की मुळीचा तुकडा तुकडा फुटतो, बाग व्यापतो, हटता हटत नाही. थंड मुलुखात ते खरंही आहे. आपल्याकडे माळव्यात मात्र काळजी उलटी करावी लागते. मे महिना पानं करपवतो आणि उरलंसुरलं काम पावसाळ्यातली काळी माती करते.

सगळ्यात जास्त झाडं जातात ती पाण्यानं, उन्हानं नव्हे. दुपारी पानं माना टाकतात, की लगेच आपण पाइप घेऊन धावतो. थांबा. संध्याकाळी पानं आपोआप सावरत असतील तर ती नुसती उन्हानं मलूल झाली होती. सकाळीही तशीच लोळलेली असतील आणि माती ओली असेल, तर खाली मुळी सडतेय. बाजूनं उकरून बघा: निरोगी मुळी आत पांढरी आणि कडक असते, सडलेली काळपट, लिबलिबीत, वास मारणारी. चांगला भाग कापून नव्या मातीत लावा, बाकी टाकून द्या.

म्हणून सपाट जमिनीत लावूच नका. वाफा वीतभर तरी उंच हवा आणि मातीत पिकलेलं कंपोस्ट भरपूर. त्याहून सोपं म्हणजे बुडाला भोकं पाडलेला, विटांवर ठेवलेला खोल ड्रम. धो धो पावसात तो पत्र्याखाली सरकवता येतो, उन्हाळ्यात भिंतीच्या सावलीला नेता येतो आणि मुळी काढायची वेळ आली की सरळ आडवा करता येतो. ताजं शेण घालू नका. पानं माजतात, मुळ्यांना फाटे फुटतात.

पर्माकल्चरवाले, म्हणजे जंगलासारखी मिश्र बाग करणारे, हे फळझाडाच्या बुंध्याशी लावा म्हणतात. मला ते पटत नाही. मुळी काढताना खोल खणावं लागतं आणि पेरूची मुळंही त्यात तुटतात. पश्चिमेला तुरीची किंवा केळीची आड करा, दुपारचं ऊन अडेल, तेवढं पुरे.

वसंतात लावा, हा सल्लाही तिकडचाच. इथे दसऱ्यानंतर, पाऊस सरला की लावा. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभर लांब तुकडा घ्या. वरचं टोक सरळ आणि खालचं तिरकं कापा, म्हणजे उलटा लावला जाणार नाही. जमिनीत तिरपा ठेवा. पहिल्याच थंडीत खणायची घाई नको, बोटाएवढ्या मुळ्या हाती येतील. पुढच्या डिसेंबर-जानेवारीत काढा. दोन-चार तुकडे ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवा, बागेतलं गेलं तरी बेणं राहील. हे मोहरीच्याच कुळातलं, त्यामुळे मावा आणि कोबीवरच्या अळ्या येणारच. मुळा, कोबी शेजारी नको.

स्वयंपाकघरातली मोठी चूक म्हणजे फोडणी. अख्ख्या मुळीला फारसा वासही नसतो. किसल्यावर पेशी फुटतात, आतलं एन्झाइम मुळीतल्याच सिनिग्रिन नावाच्या द्रव्याला भिडतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. मोहरी फेसताना होतं तेच. शिजवलं की तो उडून जातो. किसताना खिडकी उघडी ठेवा आणि मिक्सरचं झाकण तोंडाशी धरून उघडू नका.

व्हिनेगर कधी घालता, त्यावर तिखटपणा ठरतो, कारण आम्लानं ती क्रिया थांबते. लगेच घातलंत तर सौम्य, दोन-तीन मिनिटं थांबून घातलंत तर जहाल. घातलंच नाही तर कीस काळा पडून कडवट होतो. चक्क्यात मीठ घालून कालवा आणि गरमागरम गराडूबरोबर (तळलेल्या कंदाबरोबर) खा. इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या मसाल्याची सवय झालेल्यांनाही आवडेल.

शेवग्याची मुळीही अशीच झणझणीत लागते म्हणून ती पर्याय म्हणून सुचवली जाते. तो प्रयोग नको, तिच्या सालीत विषारी द्रव्यं असतात. हॉर्सरॅडिशचा पालाही गल्लीतल्या गाईपुढे टाकू नका. आणि बरणीभर कीस एकदम करू नका: व्हिनेगरमध्येही काही आठवड्यांत झणका ओसरतो. मुळी अख्खी ठेवा, लागेल तेवढीच किसा.