कोल्हापुरातून परदेशी विमानप्रवास : विद्यार्थ्यांचा गट नेताना करायची तयारी

चाळीस मुलांचा गट परदेशी न्यायचा म्हणजे चाळीस स्वतंत्र प्रवासी एकाच दारातून, एकाच वेळी पार करायचे. तिकीट गटाचे असले तरी तपासणी प्रत्येकाची वेगळी होते. एकाच्या कागदात खोट निघाली की बाकीचे एकोणचाळीस त्याच्यासोबत ताटकळतात. त्यामुळे विमानतळावर धावपळ करून काही सावरत नाही. जे सावरायचे ते शाळेत, सहा महिने आधीपासून.

पहिले काम म्हणजे एक तक्ता. वहीत नको, स्प्रेडशीटमध्ये. रकाने असे : अनुक्रमांक, पासपोर्टवरील नाव, पासपोर्टवरील आडनाव, पासपोर्ट क्रमांक, दिल्याची आणि संपण्याची तारीख, जन्मतारीख, आई-वडिलांचे मोबाइल, रक्तगट, आजार-औषधे-ॲलर्जी, शाकाहारी की मांसाहारी. तक्ता हजेरीपटावरून भरू नका. प्रत्येक पासपोर्ट समोर ठेवून, एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने टंकायचे. व्हिसा, तिकीट, विमा, हॉटेल, सगळीकडे हीच माहिती जाते, म्हणून इथली एक चूक चार ठिकाणी पसरते.

पासपोर्ट आणि नावांची भानगड

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. अर्ज ऑनलाइन भरून शहरातल्या टपाल खात्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घेता येते. १८ वर्षांखालच्या मुलाला साध्या पासपोर्टचे १००० रुपये लागतात, तत्काळला वर २०००. सोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचे ‘ॲनेक्शर डी’ हे घोषणापत्र लागते. वडील गावाला, सही राहिली, म्हणून परत पाठवलेली मुले दर हंगामात दिसतात. आधारवरचे स्पेलिंग आणि जन्मदाखल्यावरचे स्पेलिंग वेगळे असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच अर्ज.

अल्पवयीन मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतचा, यांतले जे आधी येईल तोपर्यंतचा असतो. बहुतेक देश आणि विमान कंपन्या प्रवासानंतर किमान सहा महिने वैधता मागतात. आता बारावीतल्या साडेसतरा वर्षांच्या मुलाचा हिशेब करा : पासपोर्ट हातात आहे, तारीखही उलटलेली नाही, तरी तो प्रवासाला चालत नाही. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना १५०० रुपये भरून दहा वर्षांचा पासपोर्ट घेता येतो. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी तोच मागा.

सर्वांत जास्त घोळ नावांत होतो. शाळेच्या रजिस्टरला ‘पाटील सानिका संभाजी’ असे असते. पासपोर्टवर ‘सानिका संभाजी’ हे नाव आणि ‘पाटील’ हे आडनाव. एजंटला रजिस्टरची यादी पाठवली की तो शेवटचा शब्द आडनाव आणि त्याआधीचे सगळे नाव धरतो, आणि तिकीट निघते ‘पाटील सानिका’ या नावाच्या आणि ‘संभाजी’ या आडनावाच्या मुलीचे. असे तिकीट काउंटरवर चालत नाही. दुरुस्तीला पैसे लागतात आणि गटाच्या तिकिटात ठरावीक मुदतीनंतर दुरुस्ती होईलच असे नाही. बोर्डिंग पासवर दोन नावे जोडून छापली गेली तर मात्र काळजी नको, ती छपाईची पद्धत आहे. सोबत येणाऱ्या मॅडमचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचे असेल, तर तिकीट पासपोर्टच्या नावानेच काढा. आडनावाचा रकाना कोरा असलेला पासपोर्ट कुणाकडे निघाला तर तो लगेच दुरुस्तीला टाका. संयुक्त अरब अमिरातीच्या पर्यटक व्हिसाला एकेरी नाव अडचणीचे ठरते.

संमतीपत्र, व्हिसा, पैसे

प्रत्येक अल्पवयीन मुलामागे आई-वडील दोघांच्या सहीचे, नोटरी केलेले, इंग्रजीतले संमतीपत्र हवे. त्यात मुलाचे पासपोर्टप्रमाणे नाव व क्रमांक, देश, जाण्या-येण्याच्या तारखा, जबाबदार शिक्षकाचे नाव व पासपोर्ट क्रमांक, आणि तातडीच्या वेळी उपचाराला परवानगी देणारे एक वाक्य असावे. हे शेवटचे वाक्य बहुतेक नमुन्यांत नसते आणि परदेशी हॉस्पिटल नेमके तेच मागते. पालकांपैकी एकजण हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर ताब्याच्या आदेशाची प्रत जोडा. मूळ प्रती दोन करा, एक शिक्षकाकडे, एक मुलाच्या हँडबॅगेत.

शिक्षण विभागाची सहलपरवानगी व्हिसाच्या आधी घ्या, कारण शाळेच्या लेटरहेडवरचे पत्र आणि बोनाफाईड दोन्ही फाइलींना लागतात.

व्हिसाचे नियम देशागणिक बदलतात आणि वर्षागणिकही. मलेशियाने भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसातून सूट दिली आहे, सिंगापूरला व्हिसा लागतो. दोन्हीकडे पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरायचे ऑनलाइन आगमनपत्र आहे आणि ते मोफत आहे. शोध घेतला की पैसे मागणाऱ्या बनावट साइट वरती दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. युरोपचा शेंगेन व्हिसा काढायचा असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. बारा वर्षांवरच्या मुलांना बोटांच्या ठशांसाठी स्वतः जावे लागते, म्हणजे पुणे-मुंबईची एक वारी धरून चाला. शैक्षणिक दौऱ्यावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि सोबतच्या शिक्षकांना शेंगेन शुल्क माफ आहे. एजंटने ते लावले असेल तर कशाबद्दल, हे विचारा.

टूर कंपनी पॅकेजच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केलेला आयकर, कापते. तो ज्या पालकाने पैसे भरले त्याच्याच पॅनवर दाखवायला सांगा, म्हणजे विवरणपत्र भरताना परत मागता येतो. शाळेच्या खात्यातून एकरकमी पैसे गेले की हा हिशेब कायमचा गुंततो. रोख परकीय चलन बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला माणशी ३००० डॉलरपर्यंत नेता येते, पण मुलांकडे खाऊपुरते पुरे.

उजळाईवाडी, लोहगाव की मुंबई?

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून परदेशी विमान नाही. मग पुणे (लोहगाव), गोवा किंवा मुंबई. उजळाईवाडीहून मुंबई गाठून पुढचे विमान धरणे सोयीचे वाटते, पण दोन तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरची (आरक्षण क्रमांकांची) असतील तर पहिले विमान लेट झाल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. शिवाय देशांतर्गत तिकिटावर सहसा १५ किलोच सामान चालते आणि मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर मिळत नसतील तर गटासाठी बसच बरी.

वेळ उलटी मोजा. मुंबईच्या टर्मिनल २ वरून पहाटे ४ चे विमान असेल तर गट रात्री १२ ला दारात हवा. एकट्याला तीन तास पुरतात, चाळीस जणांना चार. कोल्हापूर-मुंबई सुमारे ३८० किलोमीटर, जेवण आणि दोन थांबे धरून नऊ तास. महामार्गाची कामे, खंबाटकी, पनवेलची गर्दी यांसाठी आणखी तीन. म्हणजे बस आदल्या दिवशी दुपारी १२ ला निघाली पाहिजे. ‘एवढ्या लवकर कशाला?’ असे म्हणणारा एक पालक हमखास असतो. त्याचे ऐकू नका. बंद झालेला चेक-इन काउंटर चाळीस जणांसाठीही उघडत नाही, आणि तो साधारण उड्डाणाआधी एक ते सव्वा तास बंद होतो.

तारखेचा सापळाही इथेच आहे. तिकिटावर ‘१२ तारीख, ००.४५’ असेल तर विमानतळावर जायचे ११ च्या रात्री. पालकांना पाठवायच्या निरोपात तारखेसोबत वार लिहा आणि ‘सोमवारी रात्र संपून मंगळवार सुरू होताना’ असे फोड करून सांगा.

बॅगेत काय आणि कुठल्या बॅगेत

तिकिटावर २० किलो असो की ३०, मुलांना जाताना १५ किलोची मर्यादा घाला. ज्याची बॅग त्याने स्वतः एक जिना चढवून दाखवायची, हा सोपा निकष. लटकता वजनकाटा दोन-तीनशे रुपयांत मिळतो, शाळेने एक घ्यावा.

आता कोल्हापूरचा खास प्रश्न : कांदा-लसूण मसाला. घरोघरी तो बॅगेत जाणारच. त्यात खसखस असते, आणि सिंगापूर व संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा अमली पदार्थांच्या कायद्याखालचा निषिद्ध माल आहे. अनारसे आणि खसखस घातलेल्या करंज्यांनाही तेच लागू. या देशांत जाताना मसाला घरीच राहू द्या, आणि हे पालकसभेत आज्यांसमोर सांगा, कारण बॅग भरताना शेवटचा हात त्यांचा असतो. सुके खोबरे तेलकट आणि ज्वलनशील म्हणून विमानात अडवले जाते. मिरचीचे लोणचे हँडबॅगेत चालत नाही, तिखटाच्या पुड्याही तिथे काढून घेतात. चिवडा, शंकरपाळी, भाजलेले शेंगदाणे सहसा सुरक्षा तपासणीत अडत नाहीत, पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडसारख्या देशांत खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते.

पॉवर बँक फक्त हँडबॅगेत. मोठ्या बॅगेत सापडली तर बॅग उघडायला मुलाला बोलावतात आणि गट थांबतो. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे : २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॅट-तास, चालते. वरचा छापा पुसलेली असेल तर जप्त होऊ शकते. बऱ्याच कंपन्या आता विमानात तिच्यावर फोन चार्ज करू देत नाहीत.

हँडबॅगेतली पाण्यासारखी, मलमासारखी कुठलीही वस्तू १०० मिलिलिटरच्या आतल्या बाटलीत. अर्धी भरलेली २०० मिलिलिटरची तेलाची बाटली चालत नाही, मोजतात ती बाटली. कंपासपेटीतले कर्कटक, कात्री, नेलकटरचा चाकू मोठ्या बॅगेत टाका. मर्दानी खेळाचे किंवा लेझीमचे पथक नेत असाल तर लेझीम, हलगी सगळे चेक-इनला द्या आणि विमान कंपनीला आधी कळवा. तलवारी, दांडपट्टे नेण्याच्या फंदात पडू नका. लाकडी प्रतिकृतींसाठीही त्या देशाची लेखी परवानगी हवी.

औषधे मूळ पाकिटात आणि इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉल अमिरातीत नियंत्रित आहेत, प्रथमोपचार पेटी भरताना लेबले वाचा. दम्याचा पंप मुलाच्या खिशात, पेटीत नाही.

सभागृहातली रंगीत तालीम

निघण्याआधी आठवड्यात सभागृहात बाके लावून विमानतळ उभा करा. पहिले बाक प्रवेशद्वार, तिथे पासपोर्ट आणि तिकीट. दुसरे चेक-इन. तिसरे इमिग्रेशन : कुठे, किती दिवस, कुणासोबत, कुठे राहणार, याची एका वाक्यात उत्तरे. चौथे सुरक्षा तपासणी : पट्टा, घड्याळ, नाणी, मोबाइल ट्रेमध्ये, आणि पलीकडून स्वतःचा ट्रे उचलल्याशिवाय हलायचे नाही. वस्तू सर्वांत जास्त हरवतात त्या इथेच. दोन फेऱ्यांत मुले तयार होतात. गावाकडच्या ज्या मुलांनी सरकता जिना पाहिला नाही त्यांना शहरातल्या मॉलमध्ये एकदा फिरवून आणा.

दहा मुलांमागे एक शिक्षक, मुलींसोबत बाई हवीच. गट पाच-पाचचे करा आणि प्रत्येकाला एक नायक द्या. मोजणी नावांनी नको, क्रमांक बोलून घ्या, चाळीस जण अर्ध्या मिनिटात होतात. एक शिक्षक सर्वांच्या पुढे, एक सर्वांच्या मागे. मागच्याने कुणालाही मागे सोडून पुढे जायचे नाही.

प्रत्यक्ष विमानतळावर

पासपोर्ट मुलांना दारापाशी वाटा, आणि मुक्कामी पोहोचल्यावर गोळा करा. मध्ये वारंवार वाटणे-गोळा करणे केले की हरवतात. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, देशांतर्गत प्रवासासाठी आहे, तिचा इथे उपयोग नाही. भारतातून निघताना भारतीयांना भरावा लागणारा फॉर्म १ जुलै २०१७ पासून बंद आहे, जुन्या माहितीपत्रकात दिसला तर दुर्लक्ष करा.

काउंटरवर एक गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहा : गटाच्या सगळ्या बॅगांचे टॅग कधीकधी एकाच मुलाच्या नावावर चिकटवले जातात. बॅग हरवली की मग कुणाची ते सिद्ध करता येत नाही. ज्याची बॅग, त्याच्याच बोर्डिंग पासवर टॅगचा तुकडा. जुन्या प्रवासाचे टॅग आधीच काढून टाका.

जेवणाची मागणी किमान २४ तास आधी नोंदवलेली हवी. भारतीय शाकाहारी जेवणाचा कोड एव्हीएमएल, जैन व्हीजेएमएल. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या पण गोमांस न खाणाऱ्या मुलांसाठी एचएनएमएल आहे. व्हीजीएमएल मागवू नका, त्यात दूध-दहीही नसते आणि उकडलेल्या भाज्या येतात.

उतरताना कान दुखतो. सर्दी असलेल्याला जास्त. गिळत राहणे, जांभई देणे, चघळायला गोळी देणे एवढे पुरते. त्या वेळी झोपलेल्या मुलांना उठवा, झोपेत गिळणे कमी होते.

पोहोचल्यावर मुलाच्या गळ्यातल्या कार्डावर हॉटेलचा पत्ता आणि शिक्षकाचा रोमिंग नंबर हवा, घरचा पत्ता नको. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त शिक्षकांनाच लिहिता येईल अशी सोय ठेवा. दुबईत व्हॉट्सॲप कॉल लागत नाही हे आधी सांगितले नाही तर पहिल्याच संध्याकाळी फोनवर फोन येतात.

पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. ते परतीसाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देतात. त्यासाठी प्रत्येक मुलाचे दोन फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स शिक्षकाकडे वेगळ्या पाकिटात हवी. बॅग पट्ट्यावर आली नाही तर तो हॉल सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर (सामान न मिळाल्याची नोंद) अर्ज भरून त्याचा क्रमांक घ्या. बाहेर पडल्यावर परत आत सोडत नाहीत, म्हणून एक शिक्षक त्या मुलासोबत आत थांबेल आणि बाकीचा गट बसकडे जाईल, हे आधीच ठरवून ठेवा.