ब्लॉक की चार्ज? आधी ठरवा, कुणाचा डिफेंडर कोण बघणार

बास्केटबॉलमध्ये पंच म्हणून नव्याने उभ्या राहणाऱ्या बहुतेकांना ब्लॉक-चार्जचा नियम तोंडपाठ असतो. डिफेंडर, म्हणजे अडवणारा खेळाडू, समोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून आधी जागेवर आला आणि धडक त्याच्या धडावर बसली, की चार्ज, म्हणजे चेंडूवाल्याचा फाऊल. नाहीतर ब्लॉक, म्हणजे डिफेंडरचा फाऊल. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी! मैदानावर मात्र ड्राईव्ह येतो, म्हणजे चेंडूवाला बास्केटकडे घुसतो, दोघं आपटतात, आणि त्या क्षणी सगळे पंच चेंडूच बघत असतात. पाय कुणीच बघितलेले नसतात.

काय बघायचं ते नियमात मिळतं. कुणी बघायचं ते जोडीदाराशी ठरवावं लागतं.

तीन पंचांच्या पद्धतीत लीड नावाचा पंच बास्केटमागच्या एंडलाईनमागे, सेंटर साधारण फ्री थ्रो रेषेच्या सरळीत कडेला, ट्रेल वर मागे. ढोबळ वाटणी अशी: ड्राईव्ह ज्याच्या भागातून निघाला, त्याने चेंडूवाला आणि त्याचा मूळ डिफेंडर ही जोडी बास्केटपर्यंत सोडायची नाही. मदतीला मधे येणारा दुसरा डिफेंडर लीडचा. कारण साधं आहे. सेंटरच्या नजरेत हा दुसरा माणूस अचानक उगवतो. तो कधी येऊन उभा राहिला हे सेंटरला माहीतच नसतं. लीडसमोर तो आधीपासून असतो.

म्हणून लीडने चेंडूचा मोह सोडायचा. चेंडू वर तीन गुणांच्या रेषेबाहेर असतानाच मनात प्रश्न हवा: इथून कोणी आत घुसला तर आडवा कोण येईल? त्या माणसाचे पाय आधी पकडा. चेंडूवाल्याने उडी घेतली असेल तर त्याचे पाय जमिनीवरून सुटण्याआधी डिफेंडर जागेवर आलेला हवा. उडी घेतल्यावर कोणी खाली सरकला तर ब्लॉकच, मग तो कितीही नाट्यमय पडो. उलट, एकदा जागा मिळवलेला डिफेंडर ती राखायला बाजूला किंवा मागे सरकू शकतो. ‘तो हलत होता!’ हे बेंचवरून शंभरदा ऐकू येईल. हलणं हा फाऊल नाही.

बास्केटखालचं १.२५ मीटरचं नो-चार्ज अर्धवर्तुळही (ज्यात उभ्या डिफेंडरला चार्ज मिळत नाही) लीडकडेच. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, ते २०१० पासून आणलं. यूट्यूबवर अमेरिकन सामने बघून शिकणाऱ्यांनी जपावं: तिथल्या व्यावसायिक लीगचं, एनबीएचं, अर्धवर्तुळ ४ फुटांचं आहे, तिथल्या हायस्कूल नियमांत ते नाहीच, आणि पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२३-२४ पासून उडीसाठी पाय रोवण्याआधीच डिफेंडर जागेवर लागतो. आपल्याकडे फिबाचे नियम चालतात, त्यामुळे तिकडचा निकाल इकडे लावू नका.

आता आपली खरी परिस्थिती. शाळा-कॉलेजच्या सामन्यांना बहुधा दोनच पंच असतात. सेंटर नसल्यामुळे त्याचं काम ट्रेलवर येतं, आणि नवा ट्रेल हमखास मध्यरेषेजवळ उभा राहून लांबून बघतो. आपल्या बाजूने ड्राईव्ह निघाला की दोन-तीन पावलं आत या, चेंडूवाला आणि डिफेंडर यांच्यामधली फट दिसेल अशा कोनात. तरच लीडला मदतनीसावर थांबता येईल.

एवढं ठरवूनही दोन शिट्ट्या वाजतातच. एकाने कमरेवर हात ठेवले (ब्लॉक), दुसऱ्याने मूठ तळहातावर मारली (चार्ज), की सामना तुमच्या हातून गेलाच समजा. अमेरिकेत याला ‘ब्लार्ज’ म्हणतात, आणि तिथल्या हायस्कूल नियमांत दोन्ही फाऊल नोंदवून डबल फाऊल द्यावा लागतो. टाळायचा उपाय फुकट आहे: शिट्टी मारा, मूठ वर करा, आणि तिथेच थांबा. जोडीदाराकडे बघा. ज्याचा डिफेंडर, त्याचा इशारा. दुसऱ्याने मूठ खाली घ्यायची. हात कमरेकडे जाण्याची घाई हीच नव्या पंचांची सगळ्यात महागडी सवय, असं माझं मत आहे.

बाहेरच्या पंचाने (ट्रेल किंवा सेंटर) मदतनीसाच्या धडकेवर क्षणभर उशिरा वाजवायला शिकावं. लीडची शिट्टी आली तर उत्तम. लीडसमोर पोस्टमधला, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा, कुणी दांडगा उभा राहिला, त्याला दिसलंच नाही आणि धडक उघड आहे, अशा वेळी मात्र वाजवा. तो आगाऊपणा होत नाही.

सामन्याआधीच्या बोलण्यात मी एक अवघड प्रसंग मुद्दाम काढतो. मूळ डिफेंडर हरतो, वळसा घालून पुन्हा पुढे येतो आणि बास्केटजवळ धडक होते. हा कुणाचा? माझं उत्तर: माणूस तोच, म्हणून पंचही तोच, ड्राईव्हसोबत आलेला. लीड तोवर दुसऱ्या मदतनीसाकडे बघत असतो. जोडीदाराचं मत वेगळं असेल तर ते टॉसआधी कळलेलं बरं, बास्केटखाली दोन मुठी वर असताना नव्हे.